काराओके : मुलींनी जपानी गाणं निवडताना पट्टी, दम आणि उच्चार

पांढरी_पाच :

जपानी शिकणाऱ्या किंवा नोकरीसाठी तोक्योला गेलेल्या विशी-पंचविशीतल्या मुलींचा नेहमीचा प्रश्न : काराओकेला गेल्यावर कुठलं गाणं घेऊ? उत्तरं येतात ती "हे सोपं आहे", "हे सगळ्यांना माहीत असतं" अशी. सोपं कोणाला? वरच्या सप्तकात सहज फिरणारीला जे सोपं, तेच जाड आवाजाच्या मुलीच्या गळ्याला फास. म्हणून यादी नंतर. आधी निवडायचं कसं ते.

जपानी पॉप गाण्याचे साधारण तीन तुकडे असतात. सुरुवातीची ओळ म्हणजे ए-मेलो, मग चढण लागते तो बी-मेलो, आणि सगळ्यांच्या तोंडी असतो तो साबी. बहुतेक जणी गाणं तपासतात ते साबी गुणगुणून. साबी उंच लागला की पट्टी चार घरं खाली. साबी मस्त बसतो, पण ए-मेलो इतका खोल जातो की शब्दांऐवजी नुसती हवा बाहेर येते. आणि खोलीतले लोक आधी ऐकतात तो ए-मेलो! तेव्हा आधी ए-मेलोतला सर्वांत खालचा शब्द गाऊन बघा. तो स्पष्ट ऐकू आला, तरच साबीकडे जा.

स्वतःच्या आवाजाची दोन टोकं पेटीवर किंवा फोनवरच्या ट्यूनरवर एकदाच मोजून ठेवा. जपानी गाण्यांच्या माहितीत सूर मिड-वन, मिड-टू, हाय असे लिहितात. पियानोवरचा मधला सी म्हणजे मिड-टू-सी, त्याच्या वरच्या सप्तकातला सी म्हणजे हाय-सी. गोंधळ इथे होतो : या पद्धतीत नवं सप्तक सी पासून नाही, ए पासून सुरू होतं. म्हणून हाय-ए हा हाय-सी च्या खाली असतो, वर नाही. फारसं न शिकलेल्या मुलीचा छातीचा आवाज (जिगोए) ढोबळमानाने मिड-वन-जी ते हाय-ए, हाय-बी एवढा चालतो. त्यावर उरागोए, म्हणजे पातळ आवाज लावावा लागतो. गाण्याचा सर्वांत वरचा सूर हाय-डी असेल आणि तो जिगोएत ओढायचा असेल, तर ते गाणं मूळ पट्टीत घेऊ नका.

पट्टीचं बटण एकदा दाबलं की पेटीवरचं शेजारचं घर, काळं-पांढरं दोन्ही धरून. उणे दोन म्हणजे काळी पाचवरून काळी चार. बाईच्या गाण्यात तीनपेक्षा जास्त घरं सरकवावी लागत असतील तर पट्टी नको, गाणंच बदला.

---

सुइका_संपलं :

पुरुषांच्या गाण्यांचं काय? मूळ पट्टीत खाली खर्जात जातं, एक सप्तक वर घेतलं तर किंचाळल्यासारखं वाटतं.

---

पांढरी_पाच :

तिथे तीन घरांचा नियम लागू नाही. पुरुष गायकाचं गाणं मुलीने अधिक तीन ते अधिक पाचपर्यंत वर घ्यावं, म्हणजे ए-मेलो जमिनीवरून उठतो. एक सप्तक म्हणजे बारा घरं. तेवढी उडी क्वचितच लागते.

हल्लीचे बरेच पुरुष गायक मुळातच उंच गातात. तिथे अधिक दोनवरही काम भागतं. ऑफिशियल हिगेदान्दिझमचं 'प्रिटेंडर' (२०१९) मुलींना वाटतं तितकं खाली नाही. मोंगोल ८०० चं 'चिसाना कोइ नो उता' (२००१) मात्र एकटीने घेण्यापेक्षा चौघींनी मिळून, पट्टी वर करून, ओरडत म्हणायचं गाणं आहे.

आणि हो, गाण्यात 'बोकु' आलं की बिचकू नका. तो पुरुषी 'मी' आहे हे बरोबर, पण मुली तो न बदलता गातात. एकेबी ४८ सारख्या मुलींच्या गटांची कितीतरी गाणी 'बोकु'नेच लिहिलेली आहेत. 'बोकु'चं 'वाताशी' करायला गेलात तर दोन मात्रांच्या जागी तीन कोंबाव्या लागतात आणि ओळ लंगडते.

---

खर्जातली :

जाड आवाजाच्या मुलींना सर्रास चुकीचा सल्ला मिळतो : गोड, बारीक आवाजाची गाणी घ्या आणि पट्टी उतरवा. कशाला? ज्या गायिकांचा आवाजच खाली आहे त्यांची घ्या ना.

यामागुची मोमोए हे पहिलं नाव. 'इइ हि ताबिदाची' (१९७८) संथ आहे, श्वासाला जागा भरपूर, आणि पन्नाशी-साठीतल्या माणसालाही पाठ असतं. नाकामोरी आकिनाचं 'देझायर' (१९८६) त्याच वळणाचं, पण त्याला तोरा लागतो. मान खाली घालून पडद्याकडे बघत गायलं तर फसतं. आजच्यांत आइम्योन. तिचं 'मॅरिगोल्ड' (२०१८) बोलल्यासारखं चालतं, शब्द घाईचे नाहीत, आणि साबीतही फार वर उडी नाही. उंच आवाजाच्या मुलीला तेच गाणं बेचव लागतं, तिने अधिक दोन करावं.

शिना रिंगोचं 'मारुनोउची सादिस्तिक' (१९९९) ऐकायला सैल वाटतं म्हणून नवख्या मुली घेतात आणि अडकतात. ठेका झोके घेतो, शब्द त्याच्या मागे-पुढे पडतात. ते मूळ गाण्यासोबत निदान वीसेक वेळा म्हटल्याशिवाय हात लावू नये.

---

कांदेपोहे_ओनेगाइ :

संथ गाणी सोपी, असं धरून चालू का? 'इतो' किंवा 'हानामिझुकी' वगैरे.

---

टेबलाचा_ठेका :

नाही. संथ गाण्यात लपायला जागा नसते.

नाकाजिमा मियुकीचं 'इतो' (१९९२) म्हणजे अक्षरशः 'धागा'. उभा धागा तू, आडवा मी, अशी ताण्याबाण्याची कल्पना. लग्नानंतरच्या मेजवानीत हमखास. शब्द कमी, चाल साधी, पण प्रत्येक सूर लांब. लांब सुराच्या शेवटी दम संपला की सूर खाली घसरतो, आणि मागे वाद्यं फारशी नसल्यामुळे ते सगळ्यांना कळतं. उपाय : लांब सूर पूर्ण खेचू नका. तीन मात्रांचा असेल तर अडीचवर सोडा आणि श्वास घ्या. कोणाच्या लक्षात येत नाही. घसरलेला सूर मात्र येतो.

'हानामिझुकी' (२००४) त्यामानाने फसवं. ए-मेलो गुणगुणण्याइतका खाली आणि साबी एकदम वर. इथे पट्टी साबीवरून ठरवलीत तर वर पांढरी_पाच म्हणतात तोच खड्डा. उणे एकवर थांबा आणि साबीतला सर्वांत वरचा सूर सरळ उरागोएत घ्या, तिथे तो शोभतो.

उतादा हिकारूचं 'फर्स्ट लव्ह' (१९९९) घेणाऱ्यांनी शेवटच्या साबीआधी सावध राहावं. तिथे तेन्चो आहे, म्हणजे पट्टी आपोआप वर सरकते. आधीचा साबी जेमतेम जमला असेल तर शेवटचा नक्की फुटतो. तपासायचा साबी पहिला नाही, शेवटचा. लग्नाच्या मेजवानीत हे गाणं नकोच, ते निरोपाचं आहे.

---

दोन_वडे_एक_पाव :

आणि 'योरु नि काकेरु'? सगळ्या मुलींना तेच गायचं असतं.

---

टेबलाचा_ठेका :

योआसोबीच्या त्या गाण्यात (२०१९) अडचण उंचीची कमी आणि श्वासाची जास्त. चाली करणारा आयासे व्होकालॉइडच्या, म्हणजे संगणकाच्या आवाजासाठी गाणी करण्याच्या मुशीतून आलेला. संगणकाला नाक नाही. त्या वळणाच्या गाण्यांत एक ओळ संपते तिथेच दुसरी सुरू होते.

करायचं काय :

ओळी कागदावर लिहून काढा आणि श्वासाच्या जागी रेघ मारा. जिथे जागाच नाही तिथे ओळीतला शेवटचा मोरा (जपानी मात्रा) गिळा. पहिला कधीच गिळू नका, कारण ठेका त्यावर असतो. छाती भरून घेऊ नका, कमरेपाशी चिमूटभर श्वास घ्या. दोघी असाल तर ओळ आड ओळ वाटून घ्या, हा सर्वांत शहाणा मार्ग. शेवटाकडे पट्टी बदलते, तिथे पडद्याकडे नाही, वाद्यांकडे कान द्या.

शिवाय गाणं थेट आवाजानेच सुरू होतं. बटण दाबून माइक शोधत बसलात की पहिली ओळ गेली. १९९५ चं 'झान्कोकु ना तेन्शी नो तेझे' पण तसंच. सुरुवातीची ओळ ठेक्याशिवाय, सूर आधीच मनात धरून ठेवावा लागतो. आधीचं गाणं संपत आलं की माइक हातात हवा.

आदोचं 'उस्सेवा' (२०२०) मी कोणाला सुचवणार नाही. साबीत आवाज जिगोएतून उरागोएत आणि परत असा उलट्यापालट्या खातो, आणि नवख्या मुली ते सगळं जिगोएत ओढतात. त्या एका गाण्यानंतर बाकीची संध्याकाळ घसा बसलेला. घ्यायचंच असेल तर सर्वांत शेवटी.

---

मोरपंखी_मोरा :

उच्चारांबद्दल सविस्तर लिहिते, कारण मराठी माणसाला इथे आयता फायदा आहे आणि तो कोणी वापरत नाही.

जपानी 'त्सु' म्हणजे आपल्या 'चूल'मधला च. 'ची' म्हणजे 'चिमणी'तला. शब्दाच्या सुरुवातीचा 'झु' पुष्कळदा 'जुना'तल्या ज सारखा आणि 'जि' 'जिरे'तल्या ज सारखा. आपल्याकडे दोन च आणि दोन ज आहेतच, फक्त लिपी एक. रोमन अक्षरांत लिहिलेले शब्द वाचून पाठ केले तर हे हरवतं. देवनागरीत लिहा आणि चुलीच्या च खाली एक टिंब द्या.

'फु' म्हणताना दात ओठाला लावायचे नाहीत, मेणबत्ती विझवल्यासारखी फुंकर. 'रा-री-रु' म्हणजे आपला र, पण जीभ एकदाच टेकवून. खडखडवायचा नाही.

आता मुख्य : मोरा. जपानी गाण्यात साधारण एका मोऱ्याला एक सूर. आपण 'टोकियो' म्हणतो, टो-कि-यो, तीन तुकडे. जपानीत तो-ओ-क्यो-ओ, चार. गाण्यात हा शब्द चार सुरांवर पसरलेला असेल आणि तुम्ही तीनच म्हटलेत, तर एक सूर रिकामा राहतो आणि पुढची ओळ अर्धी मात्रा आधी सुरू होते. सूर लागतो पण 'काहीतरी पुढे-मागे होतंय' असं जे ऐकणाऱ्याला वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

शेवटचा 'न्' हाही स्वतंत्र मोरा. 'सान' म्हणजे सा-न्, दोन सूर. तो न् नाकात गुंजवत धरायचा असतो. आपण त्याला आधीच्या अक्षरात दाबून टाकतो. ऱ्हस्व-दीर्घ आपण बोलताना फारसं पाळत नाही, जपानीत अर्थ बदलतो : 'ओबासान' मावशी-काकू, 'ओबाआसान' आजी.

म्हणून गाणं उतरवताना चौकटीच्या वहीत उतरवा. एका घरात एक मोरा. जोडाक्षराच्या थांब्यासाठी ('किप्पु'मधला प्) एक घर मोकळं सोडा. मूळ गाणं लावून घराघरावर बोट ठेवत जा. जिथे बोट आणि आवाज सुटतात, ती चुकीची जागा.

बोलताना 'देस' म्हणतात, पण तिथे सूर दिलेला असेल तर गाताना पूर्ण 'देसु'. उलट 'सेन्सेइ' असं लिहिलेलं गाताना सहसा 'सेन्सेए' होतं.

जुन्या गाण्यांत आणि एन्कात (जुन्या वळणाची भावुक जपानी गाणी) ओळीच्या मधला 'गा' नाकातून येतो, 'अंगण'मधल्या अनुस्वारासारखा. आता हा उच्चार मागे पडतोय, न जमला तरी बिघडत नाही. पण 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी' (१९७७) तसं गायलं तर वयस्कर माणसं मान वर करून बघतात.

---

सुइका_संपलं :

पडद्यावर कांजी (चिनी वळणाची अक्षरं) येतात तेव्हा?

---

मोरपंखी_मोरा :

कांजीवर बारीक हिरागाना, म्हणजे उच्चार दाखवणारी साधी अक्षरं असतात, त्याला म्हणतात फुरिगाना. म्हणजे हिरागाना-काताकाना या दोन साध्या लिप्या झरझर वाचता आल्या तरी पुरे. पण 'झरझर' हा शब्द महत्त्वाचा. रंग अक्षरांवरून सरकत जातो तो सुराबरोबर. तुम्ही रंगाबरोबर वाचलंत तर उशीर झालाच. रंगाच्या निदान अर्धी ओळ पुढे नजर हवी. ते जमत नसेल तर साबी पाठ करा आणि ए-मेलो वाचा. सगळं पाठ करत बसू नका.

---

नागमोडी :

यंत्राबद्दल कोणी बोलत नाही म्हणून थोडं.

जपानात मुख्य यंत्रं दोन : दाम आणि जॉयसाउंड. गाणं शोधायची पाटी दामची देन्मोकु, जॉयसाउंडची क्योकुनाबी. दोन्हींवर गाणी सारखी नसतात. कमी ऐकलेलं गाणं गायचं ठरवलं असेल तर ते कुठल्या यंत्रावर आहे हे आधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या आणि खोली घेताना तेच यंत्र मागा.

खोलीत शिरल्यावर क्रम असा : आधी संगीताचा आवाज थोडा खाली, मग माइकचा वर, इको सर्वांत शेवटी. उलट केलंत तर इको भसाभस वाढतो. इको जास्त असला की आवाज मोठा वाटतो पण व्यंजनं पुसली जातात, आणि परक्या भाषेत व्यंजनंच आपला आधार. माइकची जाळी मुठीत धरू नका. आवाज कोंदतो आणि शिट्टी सुरू होते. माइक स्पीकरकडे वळवला तरी शिट्टी. ओठांपासून एका मुठीच्या अंतरावर, साबीत थोडा लांब.

पट्टी बिघडवून ठेवली असेल तर 'गेन्क्योकु की' दाबा, मूळ पट्टी परत येते. गाणं मध्येच सोडायचं तर 'एन्सो चुशी'. लांबलचक वाद्यमेळ असलेलं गाणं असेल तर साबी दोनदा म्हणून बंद करण्यात काही अपमान नाही.

---

खर्जातली :

गुण देणारी सोय (साइतेन) लावावी का?

---

पांढरी_पाच :

ओळखीच्या मैत्रिणींत लावा, मजा येते. सूर कुठे लागला ते पडद्यावरच्या आडव्या पट्ट्यांवर दिसतं, शिकायला चांगलं. आपल्याकडे शास्त्रीय किंवा भावगीत शिकलेल्या मुलींचे गुण हमखास जातात ते हरकतींमुळे. यंत्रासमोर चालीची सरळ पट्टी असते. तुम्ही मध्ये मुरकी घेतली की सूर पट्टीबाहेर. खालून सूर उचलणं (शाकुरी), कंप, शेवटी सोडणं (फॉल) हे यंत्र वेगळं मोजतं, पण सावकाश मींड घेतलीत तर ते त्याला बेसूरच समजतं. सरळ लावा, ओळीच्या शेवटी थोडा कंप, बास.

---

दोन_वडे_एक_पाव :

ऑफिसची निजिकाइ (जेवणानंतरची दुसरी बैठक) असेल तर कुठली? तिथे साहेबही असतात.

---

टेबलाचा_ठेका :

देन्मोकुवर 'रिरेकि' म्हणून इतिहास असतो. आधी कोण काय गाऊन गेलंय ते दिसतं. तुमची बैठक थोडी रंगली की त्यातच आपल्या लोकांची गाणी दिसू लागतात, त्यावरून वयोगट कळतो.

पन्नाशीच्या पुढची मंडळी असतील तर मात्सुदा सेइकोचं 'आकाइ सुइतोपी' (१९८२). चाल मात्सुतोया युमीची, पण तिने ती कुरेता कारुहो या टोपणनावाने दिली होती, ग्रेटा गार्बोवरून घेतलेलं नाव! मुलींनी हे मूळ पट्टीत घेऊन बघावं आणि गरज पडली तर उणे दोन. सेइकोची नक्कल करत लाडिक आवाज काढायची गरज नाही. साहेब लोकांना 'गोड' ऐकायचं असतं म्हणून तसं गाणारीचा सूर हमखास सुटतो, कारण तो आवाज घशातून येतो. आपल्या आवाजात गा.

तिशी-चाळिशीचे असतील तर पफीचं 'आजिया नो जुन्शिन' (१९९६). दोघींनी एकाच सुरात म्हणायचं, हार्मनी नाही, हातवारे मोकळे. एकटीला संकोच वाटत असेल तर याहून चांगला आसरा नाही. मिश्र वयाचे असतील तर 'कोइ सुरु फॉर्च्यून कुकी' (२०१३). सगळे नाचतात, तुमचा सूर कोणी ऐकत नाही.

वेळेचा हिशेब : गाणं सरासरी साडेचार मिनिटं, मध्ये निवडण्याची घालमेल. तासाला बाराच्या आसपास. पाच जणी असाल तर प्रत्येकी दोन आणि दोन सगळ्यांची. एकीने ओळीने दोन लावायची नाहीत. वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी खोलीतला फोन वाजतो. तेव्हा शेवटचं सामुदायिक गाणं आधीच ठरलेलं हवं, नाहीतर ती दहा मिनिटं पाटी या हातातून त्या हातात फिरण्यात जातात.

---

कांदेपोहे_ओनेगाइ :

पहिल्यांदाच जाणारी मुलगी, जिगोए मिड-वन-जी ते हाय-ए, हिरागाना वाचता येतो. एकच गाणं सांगा.

---

खर्जातली :

'मॅरिगोल्ड'. घरी मूळ पट्टीत साबी गाऊन बघ, ताण आला तर उणे एक. ए-मेलो पाठ, साबी पाठ, दुसरं कडवं वाचून. पहिला नंबर लावू नकोस, आवाज तापलेला नसतो आणि खोलीतला आवाजही जुळलेला नसतो. दोघी-तिघी गाऊन झाल्या की लाव. आणि त्याआधी बर्फ घातलेला ऊलाँग चहा नको, कोमट पाणी माग.